पत्र कोणी कोणास लिहिले?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या आठवीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने रजेचा अर्ज आणून माझ्या टेबलावर ठेवला. ताप आला होता, तीन दिवस येता आले नाही, एवढाच मजकूर. अक्षरही बरे होते. परंतु वर मायना होता : 'चिरंजीव मुख्याध्यापक यांस अनेक आशीर्वाद.' वर्ग हसला, लिहिणाराही हसला, आणि अर्ज पुढे गेल्यावर मुख्याध्यापकही पोटभर हसले. मुलाचा दोष फारसा नव्हता. आजोबांचे एक जुने कार्ड त्याने घरी पाहिले होते, आणि पत्राचा आरंभ नेहमी असाच करावयाचा असतो, असे त्याने धरून चालले होते.

त्या दिवशी घरी जाताना मला माझ्या आजीची आठवण झाली. आमच्या घरची बोली कोंकणी. पत्रे मात्र मराठीत लिहावयाची, हा गोव्यातील पुष्कळ घरांचा जुना परिपाठ. मुंबईच्या काकांना जाणारी आजीची पत्रे लहानपणी मी लिहून देत असे. आजी सांगे, 'ताका म्हण, वेळार जेव.' मी लिही, 'प्रकृतीस जपावे.' आजी सांगे, 'पावसान घर गळटा.' मी लिही, 'यंदा पर्जन्यमान अधिक असल्याने छपरास गळती लागली आहे.' शेवटी सर्व वाचून दाखविले, की ती क्षणभर गप्प राही आणि विचारी, 'हांवें अशें सांगलें?' पण पत्र बदलावयास ती कधी सांगत नसे. पत्र असेच असावयाचे, हे तिलाही मान्य होते.

बोलण्याची भाषा एक, लिहिण्याची दुसरी, आणि लिहितानाही कोण कोणास लिहितो यावर शब्द अवलंबून, ही रीत ज्या देशांनी अतिशय बारकाईने सांभाळली, त्यांत चीनचे नाव फार वर घ्यावे लागेल. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षे, तेथे 'वन-यान' नावाची ग्रांथिक भाषा लेखनासाठी वापरीत. दक्षिणेकडील क्वांगतुंगचा मनुष्य आणि उत्तरेकडील मनुष्य समोरासमोर आले तर एकमेकांचे बोलणे त्यांना उमगत नसे. कागदावर मात्र दोघांची भाषा एकच. या भाषेत निरनिराळ्या लेखांना इतकी निरनिराळी नावे आहेत, की आपल्या 'पत्र' या एका शब्दाने त्यांचे भाषांतर करू लागल्यास अर्धा अर्थ सांडून जातो. कारण ही नावे बहुधा लेखात काय आहे ते सांगत नाहीत. लेख कशावर लिहिला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणी कोणास लिहिला, हे ती सांगतात.

आधी 'कशावर' ते पाहू. इ.स. १०५ मध्ये त्साय लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने कागद तयार करण्याची सुधारलेली कृती सम्राटास सादर केली. (त्यापूर्वीच्या कागदाचे तुकडेही उत्खननात मिळाले आहेत; पण ते असो.) कागद रुळण्यापूर्वी चिनी लोक बांबूच्या अरुंद पट्ट्यांवर, लाकडी फळ्यांवर आणि क्वचित रेशमी वस्त्रावर लिहीत. बांबूची पट्टी ती 'ज्येन', लाकडी फळी ती 'दू'. पट्टीवर वरून खाली एकच ओळ मावे. अशा पट्ट्या दोऱ्यांनी ओवून गुंडाळून ठेवीत, आणि त्या जुडग्याला 'त्स' म्हणत. 'त्स'चे प्राचीन अक्षर पाहिले तर ते चित्रच आहे : काही उभ्या रेघा आणि त्यांना आडवी वेढणारी दोरी. पत्राला 'चि-दू' असे एक सुंदर नाव आहे. 'चि' म्हणजे त्यांची एक फूट. हान काळातील ही फूट आजच्या सुमारे तेवीस सेंटिमीटरांची. पत्राची फळी साधारण तेवढ्या लांबीची असे, म्हणून पत्र म्हणजे 'फूटभर फळी'. पुढे फळी गेली, कागद आला, तरी नाव टिकले. आपणही कागदावर लिहून त्याला 'पत्र', म्हणजे झाडाचे पान, म्हणतोच.

धर्मग्रंथ आणि प्रमाणग्रंथ यांना चिनी शब्द आहे 'जिंग'. मूळ अर्थ विणकराच्या मागावरील ताणा, उभा धागा. भारतातून बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले आणि 'सूत्र' या शब्दाला चिनी प्रतिशब्द शोधण्याची वेळ आली, तेव्हा भाषांतरकारांनी हाच 'जिंग' निवडला. सूत्र म्हणजेही धागाच. दोन देशांनी एकमेकांस न विचारता ग्रंथाला धाग्याचे नाव दिले होते. भाषांतरकारांना ते आयते सापडले. मला तरी या प्रतिशब्दाचे कौतुक आवरत नाही.

या बांबू-लाकडांच्या दप्तरांचे वजन किती असेल, याची कल्पना दोन गोष्टींवरून येईल. पहिला सम्राट चिन शि ह्वांग रोज तोलून कागदपत्रे वाची, असे इतिहासकार स-मा च्येन याने नोंदविले आहे : दिवसाला एक 'शि', म्हणजे सुमारे तीस किलो, संपल्याशिवाय तो विश्रांती घेत नसे. दुसरी गोष्ट हान वंशाच्या सम्राट वू याच्या काळची. दोंगफांग श्वो नावाच्या वाक्पटू गृहस्थाने दरबारात नोकरी मिळावी म्हणून एक निवेदन पाठविले. ते तीन हजार फळ्यांचे होते. दोन माणसांनी मिळून कसेबसे उचलले. सम्राटाने जेथे वाचन थांबे तेथे खूण करीत ते दोन महिन्यांत संपविले. गृहस्थांस नोकरी मिळाली. आमच्या विद्यार्थ्यांनी मात्र निबंधाच्या बाबतीत हा कित्ता गिरवू नये!

आता 'कोणी कोणास'. इ.स.पू. २२१ मध्ये चिन शि ह्वांगने सारा चीन एका छत्राखाली आणला, आणि लगेच शब्दांचीही व्यवस्था लावली. सम्राटाची आज्ञा आता सामान्य शब्दाने ओळखावयाची नाही; एका प्रकारची आज्ञा 'झी' आणि दुसऱ्या प्रकारची 'झाव' म्हणावयाची. सम्राटाने स्वतःला 'झन' म्हणावयाचे. त्यापूर्वी हा 'मी' कोणीही वापरू शके. त्या दिवसापासून एका मनुष्याखेरीज कोणासही तो शब्द उच्चारण्याचा अधिकार उरला नाही. एका सर्वनामावर राजमुद्रा उमटल्याचे असे उदाहरण माझ्या तरी वाचनात दुसरे नाही.

वरून खाली येणाऱ्या लेखांची अशी व्यवस्था लागली, तशी खालून वर जाणाऱ्यांचीही लागली. हान काळाच्या अखेरीस होऊन गेलेला विद्वान त्साय युंग अशा लेखांचे चार प्रकार सांगतो, आणि इ.स. ५०० च्या सुमारास ल्यू श्ये याने आपल्या पन्नास अध्यायांच्या साहित्यशास्त्रावरील ग्रंथात त्यांचे काम वाटून दिले आहे. कृपेबद्दल आभार मानावयाचे तर 'झांग'. कोणा अधिकाऱ्याचा अपराध उघड करावयाचा तर 'झोउ'. मनातील विनंती मांडावयाची तर 'ब्याव'. आणि दरबारात ठरत आलेल्या गोष्टीस विरोध नोंदवावयाचा तर 'यी'. राजास लिहिण्याच्या प्रकारांत विरोधालाही स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र नमुना असावा, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्या जुन्या दप्तरांतही उतरंड अशीच दिसते. फर्मान बादशहाचे निघे आणि अर्जदास्त बादशहाकडे जाई, उलट कधी घडत नसे.

सम्राटास संबोधण्याचा शब्द 'बी-श्या'. शब्दशः अर्थ : 'पायऱ्यांच्या खाली'. एवढा मोठा सम्राट पायऱ्यांखाली कसा? त्साय युंगचे स्पष्टीकरण असे, की सम्राटाशी थेट बोलण्याची प्रजाजनाची योग्यता नाही; म्हणून सिंहासनाच्या पायऱ्यांखाली उभ्या असलेल्या सेवकास उद्देशून बोलावयाचे आणि त्याने ते वर पोहोचवावयाचे. 'स्वामींचे सेवेशी' असे लिहिणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे चटकन समजले असते.

'ब्याव' या शब्दाचा मूळ अर्थ वस्त्राची बाहेरची बाजू. आत असलेले बाहेर दाखविणे, ते ब्याव. याचा एक नमुना चिनी शाळकरी मुले शतकानुशतके पाठ करीत आली. त्याची हकीकत सविस्तर सांगितली पाहिजे.

तिसऱ्या शतकात शू नावाच्या राज्यात ली-मी नावाचा एक अधिकारी होता. (नावच तसे आहे, 'मी' पाहून गोंधळू नये.) इ.स. २६३ मध्ये शू राज्य बुडाले. दोन वर्षांनी जिन वंशाचा पहिला सम्राट गादीवर बसला, आणि जिंकलेल्या प्रदेशातील नामांकित माणसे त्याने आपल्या दरबारी बोलावण्यास आरंभ केला. इ.स. २६७ मध्ये ली-मीलाही युवराजाच्या पदरी नेमणूक आली. नकार देणे अतिशय धोक्याचे. बुडालेल्या राज्याचा जुना सेवक नव्या सम्राटाची नोकरी नाकारतो, याचा अर्थ दरबारात एकच लावला जाणार : हा मनातून अजून जुन्या राजाचा आहे.

ली-मीने ब्याव लिहिला. त्यात त्याने प्रथम आपले बाळपण सांगितले. सहा महिन्यांचा असता वडील गेले. चार वर्षांचा असता मामाने आईचे दुसरे लग्न लावून दिले. प्रकृती अशी, की नऊ वर्षांपर्यंत चालता येईना. काका नाहीत, भाऊ नाहीत. वाढविले ते एका आजीने. आता आजी शहाण्णव वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. नातू चव्वेचाळीस वर्षांचा. यापुढे त्याने सरळ हिशेब मांडला. सम्राटाची सेवा करावयास आपल्यापाशी पुष्कळ वर्षे आहेत. आजीजवळ राहावयास फार थोडी. जुन्या राज्याविषयीची शंकाही त्याने झाकून ठेविली नाही. आपण पूर्वी तेथे चाकरी केली ती पदासाठी, काही मोठ्या निष्ठेचा मान मिरवावा म्हणून नव्हे, असे त्याने स्वतःच लिहून टाकले. आणि नवे राज्य मातापित्यांच्या व वडीलधाऱ्यांच्या सेवेला सर्वांत श्रेष्ठ मानते, याचे स्मरण मोठ्या विनयाने दिले. सम्राटाचे तत्त्व सम्राटाच्याच पदरात घालून केलेला हा नकार होता. पण शब्द पहावे तर प्रत्येक ओळीत स्वतःस 'आपला सेवक' म्हटलेले, आणि शेवट भीतीने थरथरत मस्तक लववीत केलेला.

सम्राटाने आजीच्या सेवेसाठी दोन दासी पाठविल्या आणि स्थानिक अधिकाऱ्यांस तिच्या पोषणाची व्यवस्था करावयास सांगितले. आजी वारल्यानंतर ली-मी चाकरीस गेला. अर्जाचा नमुना म्हणजे कोरडे खोके, त्यात जीव ओतता येत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी हा ब्याव भाषांतरात तरी मिळवून वाचावा.

देण्याघेण्याचे लेख थोडक्यात उरकते. कर्जरोख्याला 'च्युएन' म्हणत, आणि त्या अक्षराच्या तळाशी सुरीचे चिन्ह आहे. कारण एकाच फळीचे चिरून दोन भाग करीत, एक धनकोकडे, एक ऋणकोकडे. वसुलीच्या वेळी दोन्ही तुकडे जुळले पाहिजेत. ची राज्यातील मंगछांग नावाच्या सरदाराने फंग श्वेन या आश्रितास आपल्या जहागिरीत वसुलीस पाठविले. त्याने सर्व कुळे जमवून रोखे जुळवून पाहिले, आणि मग धन्याचे नाव घेऊन सारेच्या सारे जाळून टाकले. धनी अर्थातच संतापला. पण पुढे राजाची मर्जी फिरून त्याला त्याच जहागिरीत परतावे लागले, तेव्हा म्हातारेकोतारे हाताशी धरून आणि पोरेबाळे घेऊन लोक त्याला वाटेत सामोरे आले.

आता सारख्यांनी सारख्यांस लिहिलेले लेख. त्यांचे नाव 'शू'. प्राचीन भाषेत शू म्हणजे लिखाण, आणि पत्रही. 'शिन' हा दुसरा शब्द. त्याच्या अक्षरात एका बाजूस मनुष्य आणि दुसऱ्या बाजूस शब्द. अर्थ खरेपणा, विश्वास. पुढे निरोप्या आणि मग त्याने आणलेला निरोप, असा अर्थ सरकत गेला. आजच्या चिनी भाषेत शू म्हणजे पुस्तक आणि शिन म्हणजे पत्र. विश्वास या अर्थाच्या शब्दाने पत्राची जागा घेतली हे मला फार आवडते. बरोबरीच्या मनुष्यास पत्रात 'झू-श्या' म्हणत, म्हणजे 'पायांखाली'. आणि शेवटी किंवा आरंभी मस्तक भूमीस टेकविल्याचे लिहीत. आपला 'शिरसाष्टांग नमस्कार' तरी दुसरे काय आहे?

पत्राला 'हंस' असेही म्हणत. नेमके सांगावयाचे तर रानटी कलहंस. सू वू नावाचा हान दरबाराचा दूत इ.स.पू. १०० मध्ये उत्तरेकडील श्योंगनू टोळ्यांकडे गेला आणि तेथेच एकोणीस वर्षे अडकून पडला. तो मेला, असे श्योंगनू सांगत. तेव्हा हान दूताने त्यांच्या राजास ठणकावून सांगितले, की आमच्या सम्राटाने उपवनात एक कलहंस बाणाने पाडला आणि त्याच्या पायाला सू वूचे रेशमी पत्र बांधलेले मिळाले. राजा चकित झाला, इ.स.पू. ८१ मध्ये सू वू घरी परतला. असे कोणतेही पत्र नव्हते. कधीच न लिहिलेल्या पत्रावरून पत्राला नाव मिळाले!

परंतु खरोखर लिहिलेली आणि खरोखर पोहोचलेली पत्रेही मिळाली आहेत. हूबै प्रांतात युनमंग येथे श्वेहूदी नावाच्या जागी १९७५-७६ मध्ये जुन्या कबरी उघडण्यात आल्या. अकरा क्रमांकाच्या कबरीत शी नावाचा चिन राज्याचा एक कनिष्ठ अधिकारी पुरला होता. त्याच्या भोवती बांबूच्या अकराशेहून अधिक पट्ट्या होत्या. त्यांवर कायदे आहेत, आणि सरकारी टपालाचाही कायदा आहे. ज्या लेखावर 'तातडीचे' असे लिहिले असेल तो ताबडतोब पुढे धाडावा. तातडी नसेल तो त्याच दिवशी निघावा, दाबून ठेवू नये, ठेवणारास शिक्षा. आणि लेख निघाल्याचा व मिळाल्याचा महिना, दिवस, सकाळ की संध्याकाळ, हे अवश्य नोंदवावे.

त्याच जागेतील चार क्रमांकाच्या कबरीत दोन लाकडी फळ्या मिळाल्या. ही दोन सैनिकांची घरी लिहिलेली पत्रे आहेत, इ.स.पू. २२३ च्या सुमाराची. चीनमध्ये आजवर सापडलेल्या घरगुती पत्रांत सर्वांत जुनी म्हणून ती मानली जातात. अशा पत्राला चिनी शब्द 'ज्या-शू', घरचे पत्र. एका सैनिकाचे नाव हैफू, शब्दशः 'काळा गडी'. आपल्याकडे काळू असतो तसाच. दुसऱ्याचे नाव जिंग. (ग्रंथवाचक 'जिंग'शी उच्चार सारखा, अक्षर निराळे, चिनी भाषेत हे फार चालते.) चिनचे सैन्य चू राज्याशी लढत होते, त्यात हे दोघे होते. घरी झोंग नावाचा भाऊ आणि म्हातारी आई.

पत्राचा आरंभ तारखेने होतो : दुसरा महिना, अमुक दिवस. मग दोनदा वंदन करून भावास विचारणा, आई व्याधीमुक्त आहे ना? म्हणजे बांबूच्या काळातील शिपाईगड्यालाही मायना ठाऊक होता. यापुढे हैफू मुद्द्यावर येतो. उन्हाळ्याचे कपडे नाहीत. आमच्या गावाकडे कापड स्वस्त असेल तर आईने कपडे शिवून पैशांबरोबर पाठवावे. महाग असेल तर नुसते पैसे पाठवावे, मी इकडे कापड घेऊन शिवून घेईन. आईचा खर्च वाचावा ही काळजी आणि कपडे हवेतच ही निकड, दोन्ही एका वाक्यात. लढाईतील कामगिरीबद्दल मिळावयाची पदवी सरकारातून घरी पोहोचली की नाही, हेही कळवावे. जिंगच्या पत्रात पाच-सहाशे नाणी आणि कापड मागितले आहे. आपण कोणाचे पैसे उसने घेऊन खर्च केले, घरून पैसे आले नाहीत तर मेलोच म्हणून समजा, असे तो लिहितो. घरातील एका लहान मुलीला लाकडे आणावयास फार लांब जाऊ देऊ नका, अशीही त्याची सूचना आहे. आणि पैशांच्या मागणीपुढे त्याने 'तातडीचे' हा शब्द लागोपाठ तीन वेळा लिहिला आहे.

सरकारी लेखावर हा शब्द एकदा लिहिला की सारी टपालव्यवस्था धावे. शिपायाने तीनदा लिहिला. त्याचे पत्र मात्र गावाकडे जाणाऱ्या एखाद्या सोबत्याच्या सवडीवर अवलंबून. तरी ते पोहोचले खरे. घरच्यांनी ते जपून ठेवले आणि कबरीत मृताबरोबर पुरले. ती कबर झोंगची असावी असे मानतात. दोघे भाऊ लढाईतून परतल्याची नोंद कोठेही नाही.

कापडावरून आणखी एका पत्राची आठवण झाली, आणि ते थेट आपल्या देशातून गेलेले आहे. ह्युएन त्संग हा चिनी भिक्षू आपल्या इतिहासाच्या पुस्तकात भेटतो. दुसऱ्या पुलकेशीच्या काळी तो महाराष्ट्रातही येऊन गेला. इ.स. ६४५ मध्ये तो आपल्या राजधानीस परतला. सात वर्षांनी, ६५२ मध्ये, बोधगयेच्या महाबोधी विहारातून प्रज्ञादेव या भिक्षूचे पत्र त्याच विहारातील एका भिक्षूच्या हातून त्याला पोहोचले. सोबत पांढऱ्या सुती कापडाची जोडी होती, आणि वाट फार लांबची, म्हणून भेट लहान आहे याचा राग मानू नये, असे लिहिले होते. नालंदेच्या ज्ञानप्रभाचेही पत्र होते. ह्युएन त्संगची उत्तरे ६५४ मध्ये निघाली. ती त्याच्या चरित्रग्रंथात सुरक्षित आहेत. गुरू शीलभद्र गेल्याची वार्ता त्याला कळली होती, त्याविषयीचे दुःख त्याने ज्ञानप्रभास लिहिले आहे. आणि परतताना सिंधू नदी ओलांडताना काही ग्रंथ पाण्यात गेले, त्यांची यादी जोडून जमल्यास पुन्हा प्रती पाठवाव्यात अशी विनंती केली आहे. हे दोघांचेही 'शू'. वर-खाली कोणी नाही.

शेवटी एकाच माणसाच्या तीन लेखांविषयी सांगते. हान यू (इ.स. ७६८-८२४) हा थांग काळातील मोठा गद्यलेखक. इ.स. ८१९ मध्ये सम्राटाने बुद्धाची अंगुली-अस्थी फामन मंदिरातून मोठ्या मिरवणुकीने राजवाड्यात आणविली. (याच मंदिराच्या तळघरात १९८७ मध्ये अस्थिपात्रे सापडली.) हान यूने ब्याव लिहून विरोध केला. बौद्ध धर्माविषयीचे त्याचे मत आपणास पटण्यासारखे नाही, ते बाजूस ठेवू. पण बुद्धाची भक्ती करणारे सम्राट अल्पायुषी झाले, असे सम्राटासच लिहिण्याचे धाडस त्याने केले. देहान्ताची शिक्षा व्हावयाची, ती काही मंत्र्यांच्या रदबदलीमुळे टळून दूर दक्षिणेत चाव-झोउ येथे हद्दपारीसारखी बदली झाली. वाटेत त्याची बारा वर्षांची मुलगी वारली. तेथे पोहोचताच पुन्हा ब्याव लिहिला, तो आभाराचा. पद्धतच तशी.

चाव-झोउच्या नदीत सुसरी फार. लोकांची गुरे खात. नव्या अधिकाऱ्याने एक बोकड आणि एक डुक्कर नदीत टाकविले व सुसरींना उद्देशून एक लेख वाचविला : सम्राटाने हा प्रदेश माझ्या ताब्यात दिला आहे, तुम्ही आणि मी येथे एकत्र राहू शकत नाही, तीन दिवसांत समुद्राकडे निघून जावे, तीन शक्य नसतील तर पाच, पाच नसतील तर सात, त्यानंतर विषारी बाण. मुदतवाढीसह दिलेली ही रीतसर सरकारी नोटीस आहे. सुसरी गेल्या, असे थांग वंशाच्या इतिहासात लिहिले आहे. खरे-खोटे सुसरी जाणोत.

तिसरा लेख याच्या बऱ्याच आधीचा, इ.स. ८०३ च्या सुमाराचा. त्याचा प्रकार 'जी-वन', म्हणजे मृताच्या पिंडापुढे वाचावयाचा लेख. मेलेल्या माणसाला लिहिलेले पत्रच ते. हान यू लहानपणी पोरका झाला. त्याला आणि त्याच्या पुतण्याला एकाच वहिनीने वाढविले. दोघे जवळजवळ भावांसारखे. पुढे नोकरीमुळे ताटातूट झाली; आणखी एखाददोन वर्षांनी एकत्र राहू, असे म्हणता म्हणता पुतण्या वारल्याची बातमी आली. सारा लेख शोकाचा आहे. पण मधेच तो थांबतो आणि तारखा जुळवू लागतो. मित्र मंग ज्यावने कळविले, की मृत्यू सहाव्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. परंतु पुतण्याचे स्वतःचे पत्र सहाव्या महिन्याच्या सतराव्या दिवसाचे! मग मेला तरी केव्हा? हान यू अंदाज बांधतो : मंगच्या निरोप्याने घरच्यांना तारीख विचारलीच नसेल, मंगने त्याला विचारले तेव्हा त्याने काहीतरी ठोकून दिले असेल. आणि घरच्या गड्याने जी बातमी धाडली, तिच्यात महिनाही नाही आणि दिवसही नाही. तारीख घालावयाची असते हे त्या बिचाऱ्यास ठाऊक नव्हते. आपला माणूस कोणत्या दिवशी गेला, हे या थोर लेखकास अखेरपर्यंत कळले नाही.

आजीच्या पेटीतील काकांची पत्रे मी मध्यंतरी काढून पाहिली. निम्म्यांवर तारीख नाही आणि टपालाचे शिक्के पुसट झाले आहेत. आठवीतील तो रजेचा अर्जही पुन्हा वाचला. मायन्यावर आम्ही सर्वजण इतके हसलो, की त्यावर दिनांक नव्हता हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते.